फ्लॉरेन्स नगरीतील एक दिवस

ज्याचे आयुष्य गोदावरीच्या काठी गेले, त्याला जगातील कोणतीही नदी सर्वस्वी परकी वाटत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर एका उन्हाळ्याच्या सुटीत मी माझ्या बारा वर्षांच्या नातीला घेऊन नांदेडहून इटलीस गेलो होतो. तिचे काका नोकरीनिमित्त तेथील मिलान शहरी राहतात. एके दिवशी पहाटेच्या आगगाडीने मिलानहून निघून आम्ही दोघे आर्नो नदीच्या काठी वसलेल्या फ्लॉरेन्स नगरीत उतरलो. तेथील लोक या नगरीला ‘फिरेंझे’ म्हणतात. रात्रीच्या गाडीने परत फिरावयाचे होते. म्हणजे आमच्या हाती अवघा एक दिवस! एवढ्या प्राचीन नगरीचे एका दिवसात काय पाहून होणार? परंतु त्या एका दिवसाने मला माझ्या बालपणातील एका अपराधाची आठवण करून दिली. म्हणूनच ही हकिकत तुम्हांला सांगावीशी वाटते.

फ्लॉरेन्स ही लोकरीच्या व्यापाऱ्यांची आणि सावकारांची नगरी होती. व्यापारात मिळालेले धन त्यांनी केवळ तिजोऱ्यांत कोंडून ठेवले नाही. शिल्पकार, चित्रकार, विद्वान यांना आश्रय देण्याकडेही ते लावले. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत युरोपात विद्या आणि कला यांची जी नवी पहाट झाली, तिचे पहिले किरण या गावावर पडले. महाकवी दान्ते याचा जन्म इ. स. १२६५ मध्ये येथेच झाला. त्या काळी तिकडील पंडित लॅटिन भाषेत ग्रंथ लिहीत. दान्तेने आपले महाकाव्य मात्र आपल्या लोकांच्या बोलीत रचले. हे ऐकून नात म्हणाली, “म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांसारखेच!” तिचे म्हणणे खरे होते. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा दान्ते पंचवीस वर्षांचा होता. हजारो मैलांचे अंतर असलेल्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या या दोघांनी एकाच काळी आपापल्या मातृभाषेला मानाचे पान दिले.

स्टेशनावरून पायी चालत आम्ही गावाच्या मध्यभागी आलो. अरुंद गल्ली संपली आणि समोर एकाएकी पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराने मढवलेले भव्य चर्च उभे राहिले. त्याच्यासमोर अष्टकोनी आकाराची एक जुनी वास्तू आहे. तिच्या पूर्वेकडील दरवाजावर काशाचे, सोन्याचा मुलामा दिलेले दहा चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनात बायबलातील कथा कोरलेली आहे. लोरेन्झो गिबेर्ती या शिल्पकाराला हे काम पुरे करण्यास १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे लागली. मायकेलअँजेलोने हा दरवाजा पाहून, हा तर स्वर्गाच्या द्वारी शोभेल, असे उद्गार काढल्याची आख्यायिका आहे.

“आजोबा, हे खरे दार आहे का?” नातीने विचारले. नव्हते. आम्ही पाहत होतो ती हुबेहूब प्रतिकृती होती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला. चिखल आणि तेल यांनी काळे झालेले पाणी घराघरांत, ग्रंथालयांत, चर्चमध्ये शिरले. या दरवाजाचे पाच चौकोन त्या लोंढ्याने निखळून पडले. लक्षावधी पुस्तके चिखलात बुडाली. तेव्हा देशोदेशीचे तरुण आपण होऊन धावून आले. त्यांनी हातोहात पुस्तके बाहेर काढली, चित्रांवरील गाळ हलक्या हाताने पुसला. गावाने त्यांना ‘चिखलातील देवदूत’ असे नाव दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या वाटेने किती अनोळखी हात मदतीला धावले, हे आम्हां मराठवाड्याच्या लोकांना ठाऊक आहे. संकट आले की माणुसकीला प्रांत राहत नाही आणि देशही राहत नाही. मूळ दरवाजा आता दुरुस्त होऊन संग्रहालयात सुरक्षित आहे.

यानंतर आम्ही त्या चर्चच्या घुमटावर चढण्यास निघालो. या घुमटाची कथा मोठी नवलाची आहे. चर्चचा पाया १२९६ मध्ये घातला गेला. भिंती उभ्या राहिल्या. पण वर घुमटाची जागा उघडीच राहिली. ती सुमारे ४५ मीटर रुंद होती. घुमट बांधताना त्याला खालून लाकडांचा आधार द्यावा लागतो. परंतु एवढ्या रुंदीला आणि उंचीला पुरेल असा आधार उभारावा कसा, हे कोणालाच सुचेना. अखेर फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाचा कारागीर पुढे आला. तो मूळचा सोनार. त्याने खालचा आधार न घेताच घुमट बांधण्याचे ठरवले.

ते त्याला कसे साधले? तुम्ही दगडी विहीर पाहिली असेल. तिच्या बांधणीतील गोल थरात प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला अडवून धरतो. त्यामुळे आत कलंडण्यास कोणालाच वाव राहत नाही. ब्रुनेलेस्कीने घुमटाचे थर याच तत्त्वावर एकावर एक चढवले. प्रत्येक थर पूर्ण झाला की तो आपल्याच बळावर उभा राही. चुना ओला असताना विटा आत घसरू नयेत, म्हणून आडव्या विटांच्या मधून मधून त्याने उभ्या विटा बसवल्या. शिवाय घुमट एकपदरी न करता आत एक व बाहेर एक असा दुपदरी केला. त्यामुळे भार कमी झाला. १४२० मध्ये सुरू झालेले हे काम १४३६ मध्ये पुरे झाले. चाळीस लाखांच्या वर विटा त्याला लागल्या. आपल्याला विजापूरच्या गोल घुमटाचा अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. फ्लॉरेन्सचा हा घुमट त्याच्याहून सुमारे सव्वादोनशे वर्षांनी जुना. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये वारला. नगरीने त्याला याच चर्चमध्ये चिरविश्रांती दिली.

त्या दोन पदरांच्या मधूनच वर जाण्याची वाट आहे. पायऱ्या ४६३. वाट इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरून उभे राहावे लागते. निम्म्या वाटेवर मी दम घेण्यास थांबलो. तेथे भिंतीवर आलेल्या-गेलेल्या प्रवाशांनी आपली नावे लिहून ठेवली होती. कोणी शाईने, कोणी खिळ्याने. नाना देशांची, नाना लिप्यांतील नावे. नातीने पिशवीतून पेन्सिल काढली.

“आजोबा, मीही माझे नाव लिहू? म्हणजे नांदेडची मुलगी इथवर आली होती, हे सगळ्यांना कळेल.”

“नको,” मी म्हणालो.

“एवढी सगळी नावे आहेत. एकाने काय होणार आहे?”

चाळीस वर्षे शिक्षकाचे काम केलेला मी; अशा प्रश्नाला उत्तर देणे मला कठीण जाऊ नये. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. “संध्याकाळी सांगेन,” एवढेच मी म्हणालो. तिने पेन्सिल परत ठेवली. परंतु तिचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते. वर पोहोचल्यावर तांबड्या कौलांचे सारे गाव, मधून वाहणारी आर्नो आणि भोवतालच्या निळसर टेकड्या पाहून ती हरखून गेली. माझे मन मात्र दुसऱ्याच एका भिंतीपाशी घुटमळत होते.

दुपारी आम्ही नगरसभेच्या चौकात आलो. तेथील जुन्या राजवाड्यासमोर डेव्हिडचा उंच पुतळा उभा आहे. ही देखील प्रतिकृती; मूळ पुतळा १८७३ मध्ये एका संग्रहालयात हलवण्यात आला. दोन शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेली, वर्षानुवर्षे आवारात पडून राहिलेली शिळा सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने १५०१ मध्ये कामास घेतली आणि तीन वर्षांत तिच्यातून हा वीर घडवला. जवळच उफ्फिझी नावाचे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे. ‘उफ्फिझी’ या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. १५६० मध्ये ही इमारत बांधावयास घेतली, ती खरोखरच सरकारी कचेऱ्यांसाठी. येथील राज्यकर्त्या मेदिची घराण्याने पिढ्यान् पिढ्या चित्रे जमवली. त्या घराण्यातील शेवटची स्त्री आन्ना मारिया लुइझा. आपल्यामागे हा संग्रह परक्यांच्या हाती जाईल, हे ओळखून तिने १७३७ मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी करार केला, की यातील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. तिला मूलबाळ नव्हते. तिने सारी नगरीच आपली वारस केली.

तेथे एका भिंतीवर बोत्तिचेल्ली या चित्रकाराचे ‘वसंत’ हे चित्र आहे. संत्र्यांच्या बागेत फुलांचे वस्त्र ल्यालेली वनदेवी पाऊल टाकते आहे आणि तिच्या ओटीत फुले भरली आहेत. पायाखालच्या हिरवळीत शेकडो रोपे चितारली आहेत. त्यांतील कित्येकांची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञांना पटते. हे चित्र लाकडी फळ्यांवर रंगवलेले असून त्याची रुंदी तीन मीटरांहून अधिक आहे. पाचशेहून अधिक वर्षे झाली, तरी तो वसंत कोमेजलेला नाही.

या चित्राशी मराठी माणसांचा संबंध आहे, हे नातीला सांगताच तिचे डोळे विस्फारले. दुसऱ्या महायुद्धात बाँबचा धोका ओळखून येथील चित्रे आसपासच्या खेड्यांतील वाड्यांत व गढ्यांत हलवली होती. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर मोंतेगुफोनी नावाची गढी आहे. तेथे अडीचशेहून अधिक चित्रे भिंतींना टेकवून ठेवली होती. हा ‘वसंत’ही त्यांत होता. उफ्फिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला जिवावर उदार होऊन त्यांची राखण करीत होते. १९४४ च्या उन्हाळ्यात युद्धाची आघाडी थेट त्या गढीपाशी आली. तोफा गडगडत होत्या. अशा वेळी तेथे पोहोचले ते आठव्या हिंदी डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा भागांतील खेड्यांतून पलटणीत भरती झालेली ती शेतकऱ्यांची मुले. त्यांनी त्या अमोल ठेव्यावर पहारा ठेवला.

“त्यांना ठाऊक होते का, हे चित्र एवढे मोठे आहे म्हणून?”

“बहुधा नसेल. पण जी वस्तू आपल्या हवाली झाली, तिला धक्का लागू द्यायचा नाही, हे पहारेकऱ्याला ठाऊक असते.”

“त्यांची नावे कुठे लिहिली आहेत?”

मी चहूकडे पाहिले. चित्राच्या आसपास तरी मला त्यांचे नाव कोठे दिसले नाही. नात बराच वेळ त्या चित्रासमोर उभी राहिली. ती वनदेवीकडे पाहत होती, की चित्राच्या पलीकडे उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांकडे, कोण जाणे!

उफ्फिझीतून बाहेर पडून आम्ही नदीवरील जुन्या पुलावर गेलो. १३४५ मध्ये बांधलेल्या या पुलाच्या दोन्ही अंगांना सोनारांची दुकाने आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावातील इतर सगळे पूल उडवून दिले. हा एकच वाचला. त्याच्या शेजारचा सान्ता त्रिनिता पूल लोकांनी पुन्हा उभारला, तोही कसा? नदीच्या पात्रातून त्याचे जुने दगड वेचून काढून! १९५८ मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्यावरील वसंत ऋतूच्या पुतळ्याचे शिर तेवढे सापडत नव्हते. ते १९६१ मध्ये पात्रात मिळाले आणि पुन्हा आपल्या जागी बसले.

दिवस कलू लागला होता. मला अजून एक ठिकाण पाहावयाचे होते. गावाच्या पश्चिमेस कशीने नावाचे विस्तीर्ण उपवन आहे. ट्रामने तेथवर जाऊन आम्ही झाडांच्या सावलीतून बरेच अंतर चाललो. उपवनाच्या पार टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर, परदेशी झाडांच्या गर्दीत, एक छत्री उभी आहे. तिच्या खांबांची आणि घुमटीची घडण पाहताच ओळख पटते. छत्रीखाली एका तरुण राजपुरुषाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

महाराजांचा जन्म १८५० चा. १८६६ मध्ये ते गादीवर आले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि जे जे पाहिले ते दैनंदिनीत लिहून ठेवीत गेले. त्यांच्या मागे, १८७२ मध्ये, ती इंग्रजी दैनंदिनी प्रसिद्ध झाली. मायदेशी परतताना वाटेत ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी येथे, फ्लॉरेन्समध्ये, त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस! त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. दहनाचा विधी या नगरीला अपरिचित होता. तरीही पाहुण्याच्या धर्माचा मान राखून अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. दोन नद्यांच्या संगमावर, पंचगंगेपासून हजारो मैलांवर, त्यांना अग्नी देण्यात आला. १८७४ मध्ये त्या जागी ही छत्री उभी राहिली. जवळच नदीवर एक मोठा पूल आहे. १९७८ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाचे नाव आहे ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल.

दूर देशी जन्मलेला थोर पुरुष आपल्या नदीकाठी देह ठेवतो आणि ते गाव त्याची स्मृती शतकानुशतके जपते, याचा अर्थ नांदेडच्या मुलीला समजावून सांगावा लागला नाही. “पाटण्याला जन्मलेले गुरू गोविंदसिंग आपल्या गावी राहिले, तसेच ना?” ती म्हणाली. मी मान डोलावली. १७०८ सालापासून गोदावरीचा काठ ती स्मृती सांभाळून आहे.

आम्ही छत्रीसमोरच्या बाकावर बसलो. दोन्ही नद्यांचे पाणी संथपणे एकमेकांत मिसळत होते. “आजोबा, संध्याकाळ झाली,” नातीने आठवण करून दिली.

तेव्हा मी तिला सांगितले: “मी तुझ्याएवढा होतो. आमच्या वर्गाची सहल कंधारच्या किल्ल्यावर गेली होती. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे ते ठिकाण. केवढा खंदक, केवढे बुरूज! गुरुजी पुढे गेले आणि मी मागे राहून एका दगडावर खिळ्याने माझे नाव कोरले. सवंगड्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे मी स्वतः शिक्षक झालो. दर वर्षी मुलांना घेऊन त्या किल्ल्यावर जात असे आणि दर वर्षी मुलांना त्या भिंतीपासून दूर नेत असे. भिंतीवर लिहू नका, असे मी शेकडो मुलांना सांगितले. पण मी लिहिले होते, हे एकालाही सांगितले नाही. आज तुलाच प्रथम सांगतो आहे.”

ती काही वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “ते नाव अजून असेल का?”

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे कंधारला गेलो. नाव होते. दोन अक्षरांवर शेवाळ चढले होते. बाकीची स्पष्ट वाचता येत होती. मी रुमाल काढला. पण कोरलेले अक्षर रुमालाने पुसले जात नाही. ते घासून काढावे, तर दगडालाच आणखी जखम व्हावयाची. ज्याने किल्ला बांधला त्या गवंड्याचे नाव तेथे कोठेच नव्हते. माझे मात्र होते, आणि ते वाचताना मला खाली पाहावे लागले.

नातीने आपली पेन्सिल काढली. खंदकाच्या कडेला बसून तिने वहीत त्या बुरुजाचे चित्र काढले. उन्हे उतरेपर्यंत ती एक एक दगड रेखाटीत होती. चित्र पुरे झाल्यावर तिने ते दूर धरून पाहिले आणि खाली, वहीच्या कागदावर, कोपऱ्यात लहान अक्षरांत आपले नाव लिहिले.

शब्दार्थ

सर्वस्वी – पूर्णपणे. आख्यायिका – परंपरेने चालत आलेली गोष्ट. प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी दुसरी वस्तू. कासे – तांबे व कथील यांचा मिश्र धातू. चिरविश्रांती – कायमची विश्रांती, मृत्यूनंतरचा विसावा. अमोल – ज्याचे मोल करता येत नाही असा. देहावसान – मृत्यू. छत्री – थोर व्यक्तीच्या दहनस्थानी उभारलेले स्मारक.

अभ्यास

१. ब्रुनेलेस्कीने खालच्या आधाराशिवाय घुमट कसा बांधला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. पुढील साली काय घडले ते लिहा : १२९०, १७३७, १८७०, १९४४, १९६६.
३. मोंतेगुफोनीच्या गढीत मराठा जवानांनी कोणती कामगिरी केली? त्यांना चित्रांचे मोल ठाऊक असणे आवश्यक होते का? तुमचे मत लिहा.
४. ‘तिने सारी नगरीच आपली वारस केली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. लेखक दर वर्षी मुलांना त्या भिंतीपासून दूर का नेत असत?
६. भिंतीवर लिहिलेले नाव आणि चित्राखाली लिहिलेले नाव यांत कोणता फरक आहे?
७. वाक्यांत उपयोग करा : दम घेणे, अंग चोरणे, जिवावर उदार होणे, मानाचे पान देणे, डोळे विस्फारणे.
८. तुमच्या गावाजवळील औसा, उदगीर, कंधार किंवा अन्य एखाद्या किल्ल्यास, लेण्यास अथवा मंदिरास भेट द्या. तेथील एका भागाचे चित्र वहीत काढा आणि त्याखाली दहा ओळींत माहिती लिहा.